मोटर जळाली त्या सुट्टीतली गाणी

हर्षलदादा,

दुपारचे लोक गेले, संध्याकाळचे अजून यायचेत. मांडवात खुर्च्या जशा सोडल्या तशा पडल्यात. मी आतल्या पंख्याखाली सतरंजीवर पाय पसरून बसलेय आणि तुला लिहून राहिले. अहिराणीत लिहायला गेले तर हात थांबला. तुझ्याशी जन्मभर भांडले अहिराणीत, पण कागदावर शाळेतली मराठीच उतरते. चालवून घे.

घसा पार बसलाय. तू असतास तर टाळी वाजवून म्हणाला असतास, "चला, टेपचं हेड खराब झालं एकदाचं." रडून नाही बसला, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर भाव खाशील. बोलून बोलून बसला. दारवर भेटायला येणारा माणूस आधी मामाशेजारी बसतो, रुमालाने तोंड पुसतो, थोडा वेळ जमिनीकडे बघतो आणि मग विचारतो, "कसं झालं हो?"  तुझे पप्पा समोरच्या नळाकडे बघत बसतात. मग सगळे माझ्याकडे वळतात, कारण मी भाची, लोणखेड्याच्या कॉलेजला जाणारी, तोंडाने तेज. मग मी सांगते.

तुला नाही सांगत. तू होतास तिथे.

पहिल्या दिवशी सांगताना मी अडखळत होते. आता अडखळायच्या जागाही ठरून गेल्यात. "मग डॉक्टर बाहेर आले" याच्या आधी मी श्वास घेते, बरोबर तिथेच, दरवेळी. समोरच्या बाया बरोबर तिथेच पदर तोंडाला लावतात. काल मला माझीच शिसारी आली. वाटलं, ही मी सांगत नाहीये, ही मी सांगणाऱ्या मयूची नक्कल करतेय. एकच तुकडा, परत, परत, आणि दरवेळी थोडा झिजलेला. तुला आवडलं असतं, खरं सांगते. तू डोळे मिटून म्हणाला असतास, "थांब, बंद नको करू, आत्ता कुठे बदलून राहिलंय."

उद्या गंधमुक्ती. कपाळाला गंध लागला की पाहुणे आपापल्या गावी जातील, मांडव उतरेल, मीही निघेन. त्याच्या आत मला मामीला एक उत्तर द्यायचंय, आणि ते काय द्यायचं हे मला काही केल्या सुचत नाही. म्हणून तुझ्याशी बोलायला बसले.

झालं असं. काल मामीने मला धान्याच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं तांदूळ काढायचे असतील.

"मयू, दार लोटी ले."

लोटलं.

"तुले समदासना आवाज येतस ना?"

"येतस थोडा थोडा, मामी."

"मंग मन्हा हर्षलना काढ. एकदाव. कोनलेच सांगू नको."

मी काय केलं असेल? मी म्हणाले, "मामी, चहा उतू जाई ऱ्हायना," आणि पळाले. गॅसवर चहा नव्हताच. तिलाही माहीत होतं. तिने मला जाऊ दिलं. पण तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे तिचे डोळे माझ्या तोंडावर असतात.

आता तूच सांग. काढला आणि चुकला, तर तिच्या कानात तुझा जो काही खरा आवाज उरलाय तो मी बिघडवून टाकीन. काढला आणि बरोबर आला, तर ती उद्याही मागेल, परवाही मागेल, आणि मला फोन करकरून मागेल. आणि तिसरी गोष्ट तुला एकट्यालाच माहीत आहे. तुझा आवाज मला येतच नाही.

अख्ख्या जगाचा येतो. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी नववीला होते आणि शाळेत माझ्या नकलांवर गॅदरिंग चालायचं. आमचे हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, भाजी बाजारातला लिलाववाला, मिक्सर, बकरी, बिघडलेला कुकर. मी बॅग घेऊन तुमच्या रनाळ्याला उतरले, तर तू ओट्यावर. नाशिकहून आलेला. केस मानेपर्यंत आणि कानात वायर. मी आल्या आल्या तुझ्या पप्पांचा आवाज काढून ओरडले, "ये हर्षल, बैलेसले पानी दिन्हं का?" आणि तू खरंच उठून उभा राहिलास. मामी हसून हसून खाली बसली. तू चिडला नाहीस. नुसता म्हणालास, "टेपरेकॉर्डर शे ही पोरगी." झालं. टेप.

मग तू मला खळ्यावर नेलंस. तिथे नेटवर्क यायचं, पाण्याच्या टाकीजवळ, आणि तेही एका पायावर उभं राहिल्यासारखं. खळ्यात लाल मिरची पसरलेली. वारा फिरला की दोघं खोकायचो. तू एक वायर मला दिलीस, एक तुझ्या कानात ठेवलीस आणि म्हणालास, "हसायचं नाही."

ती फ्रिजवाली बाई होती. आठवतं? कुठल्या देशाची, काय नाव, आपल्याला वाचताही आलं नव्हतं. तिने खोलीतल्या जुन्या फ्रिजचा आवाज चालू ठेवला होता आणि त्या सुरात सूर लावून ती काहीतरी पुटपुटत होती. फ्रिज थांबला की ती थांबायची. फ्रिज धडधडून परत चालू झाला की ती परत. मी लगेच फ्रिज काढून दाखवला. शेवटचा थडथडाट, आतल्या बाटल्या वाजतात तो आवाजसुद्धा. मला वाटलं तू खूश होशील. तू म्हणालास, "छान. आता गप बस आणि ऐक."

माझ्या आयुष्यात मला "छान, आता गप बस" असं कोणी म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे, छान, अजून काढ.

मग तोच धंदा झाला आपला. सकाळी मिरची पलटायच्या बाया यायच्या आधी खळ्यावर जायचं आणि तिथेच बसायचं. तुझा एक खेळ होता. एका गाण्याखाली दुसरं सापडायचं, दुसऱ्याखाली तिसरं, तू असा खाली खाली उतरत जायचास, विहिरीत उतरल्यासारखा. जितकं खाली, तितके ऐकणारे कमी. आणि तितका तुझा चेहरा फुललेला.

"हे तर कोणीच नाही ऐकलेलं, टेप. आपण दोघंच."

"म्हणजे कोणालाच नाही आवडलं."

"म्हणजे कोणालाच नाही सापडलं."

हे भांडण आपण दर गाण्याला केलं.

नावं लक्षात राहायची नाहीत म्हणून आपणच नावं ठेवली. एक बेसूर मास्तर होता, त्याच्या गिटारला दोनच तारा शिल्लक होत्या आणि तो असा गायचा, जसा काही नापास झालोय हे आईला सांगतोय. एक झिजक्या होता, त्याची जुनी टेप फिरता फिरता विरत जायची आणि शेवटी नुसती खरखर उरायची. आणि ती कुठल्यातरी डोंगरातली चार पोरं. भाषा कळत नव्हती, पण मागे कोंबडा ओरडत होता आणि त्यांनी तो काढून टाकला नव्हता. तू म्हणालास, हीच तर गंमत आहे. मिरची पलटायला मोलगीकडची एक मावशी यायची, तोंडाला फडकं बांधलेली. तिला तू कौतुकाने वायर दिलीस. तिने फडकं बाजूला करून पूर्ण गाणं ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. तू डोळे मोठे करून वाट बघतोयस. तिने वायर परत दिली आणि म्हणाली, "कोंबडा भुका शे." आणि गेली मिरची पलटायला.

मी तिची ती नक्कल पुढे दोन वर्षं केली. तू ती दरवेळी हसून ऐकलीस. आणि दरवेळी म्हणालास की त्या गाण्यावर याच्याहून चांगलं कोणी बोललेलं नाही.

आणि ते एकदा. एक गाणं मध्येच शांत झालं. आपण दोघं बसलोय. शांत. अजून शांत. दूर कोणाचा तरी ट्रॅक्टर, एक कावळा, मिरचीची सळसळ. मला पहिल्यांदा तुझं ते सगळं प्रकरण कळल्यासारखं वाटलं. मी हळूच म्हणाले, "दादा, हे भारी आहे." तू मान हलवलीस, डोळे मिटून. मग डोळे उघडून फोन बघितलास, आणि गोल गोल फिरत होतं. नेटवर्क गेलेलं. गाणं लोडच होत नव्हतं. तू इतका हसलास की मिरची घशात गेली आणि मी पाणी आणायला पळाले.

आता मोटरचं. हे मी दारवर कोणाला सांगितलं नाही. सांगावंसं खूप वाटलं.

तू नाशिकहून तो छोटा स्पीकर आणला होतास. त्यावर एका माणसाचं गाणं लावलं, ज्यात एकच आवाज होता. घूंऽऽऽ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच, जाडा, थरथरता. तू म्हणालास, नीट ऐक, आत खूप काही चाललंय. घरात तुझे पप्पा जेवायला बसले होते. पुढचं मला चित्रासारखं दिसतं. ते हातात भाकरीचा तुकडा घेऊन अनवाणी निघाले, खळ्यातून, मिरची तुडवत, विहिरीकडे. "फेज गया! फेज गया! लाईट लवकर उनी वाटस!" शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या पोराला कळायला हवं होतं. तीनातला एक फेज गेला की मोटर फिरत नाही, जागच्या जागी हंबरते, आणि बंद नाही केली तर जळते. मामांना तो आवाज झोपेतही कळायचा. ते विहिरीवर पोचले तर लाईट आलेलीच नाही. स्टार्टर थंड. ते तिथे उभे राहून थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिले. मग आवाजाच्या मागे मागे आपल्यापर्यंत आले.

"हाई काय शे?"

"गाणं शे, पप्पा."

"कोन म्हनस?"

"कोनीच नही म्हनत."

त्यांनी स्पीकरकडे बघितलं, मग तुझ्याकडे, मग तुझ्या केसांकडे. "कोनी म्हनतच नही, मंग लायेल कसाले शे?"

तू स्पीकर बंद केलास.  मला मात्र त्या दिवशी खूप बरं वाटलं.

तू ते गाणं सोडलं नाहीस. रोज लावायचास. मामा पहिले दोन दिवस दचकले, मग नुसते ओरडायचे, मग ओरडायचंही सोडलं. आणि मग भाऊबीज आली. माझी आई लोणखेड्याहून आली, ओट्यावर पाट मांडला, मामा टोपी घालून बसले, आईने टिळा लावला, अक्षता टाकल्या, ताट फिरवायला घेतलं, आणि विहिरीकडून घूंऽऽऽ.

मामांनी मानसुद्धा वळवली नाही. "ये हर्षल, आज सणना दिन तरी ते हंबरनं बंद कर."

तू त्यांच्या समोरच बसला होतास. दोन्ही हात रिकामे. "पप्पा, मन्हं काहीच चालू नही."

"मंग ती टेप करी ऱ्हायनी व्हई."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात अख्खी करंजी होती. मी मानेनेच नाही म्हटलं. आईचं ताट हवेत थांबलेलं.  तो आवाज मात्र चालूच. आणि मग वास आला.

मामा उठून पळाले तेव्हा त्यांच्या टोपीवरच्या अक्षता वाटभर सांडत गेल्या. मोटर गेली होती. स्टार्टरवरचा तो फेज सांभाळणारा डबा सारखा ट्रिप होतो म्हणून त्यांनी स्वतःच डायरेक्ट करून ठेवलेला, त्यामुळे ती थांबली नाही, जळेपर्यंत हंबरत राहिली. धूर येत होता. मामा कमरेवर हात ठेवून उभे. मला वाटलं आता तुला पडतील. ते म्हणाले, "तुमना गाणास्नी मन्हा कान बिघाडी टाका." एवढंच. आणि खांद्यावरच्या उपरण्याने टिळा पुसला.

संध्याकाळी तू मला म्हणालास, "आपण एका माणसाचा कान बदलला, टेप." मी म्हणाले, "आधी मोटर बदलावी लागेल."

त्यातून एक चांगलं झालं. तेव्हापासून लाईटचा काही घोळ झाला की मामा मला फोन करायचे आणि वायरमनला जोडून द्यायचे. "मयू, काढ तो आवाज, कसा करी ऱ्हायनी मोटर ते यासले ऐकाड." आणि मी लोणखेड्यात वर्गाबाहेर उभी राहून घूंऽऽऽ करायची. वायरमन म्हणायचा, हां, समजलं, एक फेज कमी आहे. पोरी माझ्याकडे बघून कपाळावर हात मारायच्या. तू म्हणालास की माझा हा सगळ्यात चांगला कार्यक्रम. ऐकणारा एकच, आणि त्याला नक्की कळतं.

पण आपलं खरं भांडण सुट्टीच्या शेवटी झालं. मी झिजक्याची खरखर काढत होते, चांगली येत होती, आणि तू एकदम म्हणालास, "तू ऐकत नाहीस, टेप. तू पकडतेस. ऐकता ऐकताच तुझ्या तोंडात तयारी सुरू होते."

मला लागलं. मी म्हणाले, "ज्याची नक्कल होत नाही ते गाणंच नाही. आवाज म्हणजे काय, कोणाला तरी परत काढता आला पाहिजे. तुझी ती सगळी बिघडलेल्या सामानाची दुकानं आहेत."

"मग माझी काढून दाखव."

मी काढायला गेले. तोंड उघडलं. काहीच नाही. मला प्रत्येक माणसात एक खुंटी सापडते. मामा फोन उचलायच्या आधी खाकरतात, हेडमास्तर वाक्याच्या शेवटी "काय?" म्हणतात, आई रागावली की आधी भांडं आपटते. त्या खुंटीला धरून मी अख्खा माणूस उचलते. तुझ्यात खुंटीच नव्हती. साधा आवाज. ना जाड ना बारीक. मी म्हणाले, "तुझा आवाज म्हणजे रिकामी डबी." तू खूश झालास. म्हणालास, जमेल तेव्हा फोन कर.

मग ते वर्षानुवर्षं चाललं. तू फोनवर नवीन काही पाठवायचास, कुठलं तरी खाली खाली सापडलेलं, आणि मी ऐकून उत्तरात तुझी नक्कल पाठवायची. दरवेळी चुकलेली. तू लिहायचास, "हा कोण? ओळखीचा वाटतो." कधी, "हा तर पप्पांचा साडू." परवा परवापर्यंत. आपण कोणीच जिंकलं नाही. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर आहे. पण एक सांगायचं राहिलं होतं. लोक बोलतात तेव्हा आता मला मागचं पण ऐकू येतं. पंखा, नळ, कोणाच्या तरी पायातल्या चपला. हे तुझं काम आहे. आधी मला नुसती माणसं ऐकू यायची. थँक्यू म्हणायला पाहिजे होतं, पण तू लगेच डोक्यावर बसला असतास.

इथे सगळे त्रास देऊन राहिलेत रे. तुझा चुलतभाऊ निखिल उद्यासाठी तुझ्या फोटोंचा व्हिडिओ बनवतोय, स्टेटसला ठेवायला. त्याने विचारलं, "ताई, दादाले कोणतं गाणं आवडे?" मी खूप विचार करून फ्रिजवाली बाई पाठवली. त्याने दोनदा ऐकली. मग येऊन हळूच म्हणाला, "ताई, फाईल खराब शे वाटस." आता त्याने एक रडकं सिनेमातलं गाणं लावलंय, ज्यात दर ओळीला बासरी आहे. तू चिडशील. मी भांडले नाही. माझ्यात आता ताकद नाही, दादा. खरंच नाही.

सकाळी गल्लीतले एक आजोबा आले. मामांकडे बघून मला म्हणाले, "मयू, ते तुमना हेडमास्तरनं काढ ना. तुन्हा मामा जरासा हासी." मी काढलं. शेवटचं "काय?" पण काढलं. मांडवातले सगळे हसले. मामांचं तोंड सवयीने हलल्यासारखं झालं आणि ते उठून आत गेले. मग मी सगळ्यांना पाणी दिलं.

थांब. मामी हाक मारतेय.

*

परत आले. दिवस कलला बाहेर, लोक यायला लागलेत, पण हे लिहून टाकते.

ती त्याच खोलीत बसली होती, गोणीला टेकून. शेजारी झाकलेलं ताट, शेजाऱ्यांनी सकाळी पाठवलेलं, तसंच. तिने माझा हात धरून खाली बसवलं. आज मला चहाचं पण सुचलं नाही.

"काढ."

"मामी, माले तोच एक नही येत."

"तरी काढ."

मी विचारलं, काय म्हणू? ती म्हणाली, रोज संध्याकाळी तो फोन करे, ते म्हन. मला माहीत होतं तू रोज फोन करतोस. काय बोलतोस ते माहीत नव्हतं. मी अंदाजाने घसा खाली घेतला. तसाही बसलेलाच होता. डोळे मिटले आणि म्हणाले, "मम्मी, जेवनी का?"

 मला वाटलं आता ती रडेल, आणि मी काय करू.

"नही," मामी म्हणाली. "असं नही म्हने तो."

मी डोळे उघडले. ती रडत नव्हती. कपाळाला आठी होती, जशी भाजीत मीठ कमी झालं की असते तशी.

"'जेवनी का' नही म्हने. तो जानस, मी हो म्हनी देसू. म्हनीसन तो 'काय जेवनी' म्हने."

मी परत म्हणाले. "मम्मी, काय जेवनी?"

"नही. तू घाई करस. 'मम्मी' म्हने आनि उलसा थांबे. तठे काही तरी वाजे मागे, गाडी नहीतर पंखा. मंग म्हने."

मी मध्ये जरासं थांबून म्हणाले.

"आवाज वर नही जाये त्याना. खाले ऱ्हाये. तुले नही जमनार. ऐक." तिने पदर सारखा केला, थोडी पुढे झुकली, आणि म्हणाली, "मम्मी..."

थांबली.

"...काय जेवनी?"

हर्षलदादा, तो तू होतास. मी नकला करते, मला कळतं. नुसता तुझ्यासारखा नाही, तू.  मी इतकी वर्षं खुंटी शोधत होते, आणि ती त्या थांबण्यात होती. मामीला कळलंसुद्धा नाही आपण काय केलं ते. ती आपली मला शिकवत होती, "असं. समजनं का?" आणि परत एकदा म्हणून दाखवलं, मला नीट यावं म्हणून.

आणि दुसऱ्या वेळेला तिनेच ते ऐकलं.

तिचा हात तोंडाकडे गेला. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. बाहेर कोणीतरी खुर्ची ओढली. मग तिने उत्तर दिलं, तिच्या स्वतःच्या आवाजात, अगदी बारीक, फोनवर देतात तसं. "आजून काहीच नही जेवनू रे, बेटा."

 मी ते ताट ओढलं आणि झाकण काढलं. खिचडी गार झाली होती. मी म्हणाले, गरम करी आनू का? ती म्हणाली, ऱ्हाऊ दे. मी कालवून दिली. तिने पहिला घास हातात धरून ठेवला, खूप वेळ. मग घातला तोंडात.

खिचडी जेवली, दादा. अर्धीच. कढी नको म्हणाली, आंबट झालीये म्हणून. लोणचं मागून घेतलं.